माटुंगा की मणिपाल? प्रवेशाचे पैसे भरण्याआधी करायचा हिशेब

बारावीचा निकाल लागला की घरात दुसरा विषयच उरत नाही. इकडे सीईटीच्या पर्सेंटाइलवर मुंबईतलं बरं कॉलेज मिळेलसं दिसत असतं. तिकडे तमिळनाडू, कर्नाटक किंवा राजस्थानातल्या नामांकित खासगी विद्यापीठाचं अभिनंदनाचं मेल आलेलं असतं आणि त्याच मेलच्या तळाशी आठवड्याभरात भरायची रक्कम असते. आमच्या घरात दोन्ही झालं. थोरला कर्नाटकात शिकला, धाकटी माटुंग्यात. दोघांचंही बरं चाललंय, त्यामुळे कुठल्याही एका बाजूची वकिली करायची मला गरज नाही. मात्र या दिवसांत भांडुपच्या आमच्या सोसायटीत दरवर्षी कोणी ना कोणी फाइल घेऊन येतं आणि प्रश्न तेच असतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते.

दोन कॉलेजांतला फरक किती लाखांचा आहे, तो कोण फेडणार आणि त्याच्या बदल्यात नेमकं काय मिळणार, एवढं कागदावर आल्याशिवाय एक रुपयाही भरू नका. उदाहरणं इंजिनिअरिंगची जास्त आहेत; कॉमर्स आणि कायद्याबद्दल पाचव्या पायरीत थोडं लिहिलंय.

१. दोन्ही वेळापत्रकं एकाच कॅलेंडरवर मांडा

सगळ्यात मोठी गोची पैशांची नसून तारखांची असते. बाहेरच्या खासगी विद्यापीठांच्या परीक्षा आणि समुपदेशन (काउन्सेलिंग, म्हणजे जागावाटप) एप्रिल-मे-जूनमध्ये उरकतात. आपल्या राज्याच्या सीईटी कक्षाच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेऱ्या जुलैत सुरू होऊन ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत रेंगाळतात. म्हणजे मुंबईत काय मिळणार हे कळायच्या आधीच बाहेरची मोठी रक्कम भरायची वेळ येते, आणि एकदा दोन लाख भरले की माणूस पुढचा विचार त्या दोन लाखांच्या बाजूनेच करतो.

म्हणून फॉर्म भरतानाच एका कॅलेंडरवर दोन रंगांत तारखा लिहा: बाहेरचा पहिला हप्ता, दुसरा हप्ता, हॉस्टेलची रक्कम, कॅपची नोंदणी, पर्याय भरण्याची मुदत, प्रत्येक फेरीचं वाटप. बाहेरच्या विद्यापीठाला लेखी विचारा की सीट सोडल्यास कुठल्या तारखेपर्यंत किती पैसे परत मिळतील. फोनवरचा गोड आवाज 'पूर्ण रिफंड आहे मॅडम' म्हणतो, त्याला काही किंमत नाही. मेलवर उत्तर मागवा.

कॅपमध्ये पर्याय भरतानाही जपून. पहिल्या क्रमांकावर टाकलेला पर्याय मिळाला तर तो आपोआप पक्का होतो, पुढच्या फेरीत चांगलं काही शोधायची मुभा राहत नाही. 'बघू तरी मिळतंय का' म्हणून नको असलेलं कॉलेज वर टाकू नका.

२. चार वर्षांचा खर्च काढा, एका वर्षाचा नाही

माहितीपत्रकात पहिल्या वर्षाची शिकवणी फी ठळक असते. बाकीचं बारीक अक्षरात. बाहेरच्या कॉलेजसाठी हे सगळं एका पानावर लिहा:

- शिकवणी फी आणि ती दरवर्षी वाढते का. काही विद्यापीठांत प्रवेश परीक्षेतल्या क्रमांकानुसार फीचे वेगवेगळे गट असतात. वेल्लोरच्या व्हीआयटीत तसे गट आहेत. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसलेल्या दोघांच्या फीमध्ये लाखांचा फरक असतो. तुमच्या मुलाला कुठला गट मिळालाय ते आधी बघा.
- हॉस्टेल, मेस, अनामत, कपडे धुण्याचे पैसे. खोली एसी की बिनएसी, किती जणांची, यावर आकडा बराच हलतो. वेल्लोरच्या उन्हाळ्यात 'बिनएसी चालेल' म्हणणारी मुलं दुसऱ्या वर्षी मत बदलतात.
- घरी येण्याजाण्याचा खर्च. मणिपालसाठी उडुपी स्टेशन, मत्स्यगंधा एक्स्प्रेस सोयीची. पण गणपतीत मूल घरी यायचं म्हणजे त्याच मार्गावर कोकणात जाणारा चाकरमानीही तिकिटासाठी बसलेला असतो. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, सकाळी मोबाइल घेऊन तयारीत राहा. वेल्लोरसाठी काटपाडी. पिलानीला तर स्टेशनच नाही, दिल्ली किंवा जयपूर गाठून पुढे रस्त्याने.
- लॅपटॉप, आजारपण, सुट्टीत हॉस्टेल बंद राहिलं तर काय, आणि हातखर्च.

मुंबईच्या कॉलेजचंही असंच पान करा. इथे एक आधार आहे: महाराष्ट्रातल्या खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर बघता येते. कॉलेजने सांगितलेला आकडा त्याच्याशी ताडून बघा. अभिमत विद्यापीठांना हे लागू होत नाही, मग ती मुंबईतली का असेनात.

आता एक नमुना घेऊ. समजा बाहेर शिकवणी ४ लाख, हॉस्टेल-मेस दीड लाख, बाकी ५० हजार. वर्षाला ६ लाख, चार वर्षांचे २४. मुंबईत फी दीड लाख आणि प्रवास, खाणं, पुस्तकं धरून आणखी ५० हजार; चार वर्षांचे ८. फरक १६ लाखांचा. पुढच्या पायऱ्यांत हाच आकडा वापरणार आहे, तुम्ही तुमचा घाला.

३. लोकलचेही तास मोजा

'घरी राहून शिकलं तर फुकटात' असं म्हणणाऱ्या नातेवाइकांनी सकाळी साडेसातला बदलापूर किंवा विरारहून दादरकडे येणाऱ्या गाडीत एकदा चढून दाखवावं. विद्यार्थ्याला पासात सवलत मिळते, कॉलेजच्या ऑफिसातून फॉर्म घ्यायचा, पैसे खरंच कमी लागतात. वेळ मात्र जातो. रोज जाऊन-येऊन चार तास गेले तर ते मूल प्रोजेक्टला, कोडिंग क्लबला, नाटकाच्या तालमीला थांबत नाही. ५.२०ची गाडी पकडून घरी येतं आणि जेवून झोपतं. स्वस्त कॉलेजातून जे मिळवायचं असतं त्यातलं निम्मं तिथेच गळतं.

माझा ढोबळ नियम: एकूण प्रवास अडीच तासांच्या आत असेल तर घरून करा. त्यापेक्षा जास्त असेल तर कॉलेजचं हॉस्टेल, कॉलेजजवळ दोघा-तिघांत भाड्याची खोली किंवा पहिली दोन वर्षं आत्याकडे-मावशीकडे मुक्काम, यांचा खर्च त्या पानावर लिहा. माटुंगा-वडाळ्याला खोलीचं भाडं बघून डोळे फिरतील, तरी ते चार वर्षांचं धरूनही १६ लाखांचा फरक बहुतेक वेळा पुसला जात नाही.

४. कर्जाचा हप्ता आजच काढा

बँकेतला माणूस 'हप्ता शिक्षण संपल्यावर' म्हणतो. खरंच आहे, साधारणपणे अभ्यासक्रम आणि वर एक वर्ष अशी सूट असते. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं.

आपले १६ लाख दरवर्षी ४ असे उचलले आणि व्याज १० टक्के धरलं, तर पहिल्या ४ लाखांवर पाच वर्षांचं, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन वर्षांचं सरळव्याज चढतं. ते होतं ५ लाख ६० हजार. म्हणजे फेड सुरू होताना डोक्यावर २१ लाख ६० हजार. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता साधारण साडेअठ्ठावीस हजार, आणि एकूण फेड सव्वाचौतीस लाखांच्या आसपास. शिकत असतानाच दरमहा व्याज भरत गेलात तर मूळ १६ लाखांवर हप्ता सुमारे २१ हजारांवर येतो. काही बँका त्यासाठी व्याजदरातही थोडी सूट देतात, विचारा.

हा हप्ता आता पगाराशेजारी ठेवा. वर्षाला ६ लाखांचं पॅकेज म्हणजे हातात महिन्याला साधारण चाळीस-बेचाळीस हजार. त्यातून साडेअठ्ठावीस गेले की पुण्यात किंवा बंगळूरला खोलीभाडं आणि जेवण भागत नाही, मग घरून पैसे पाठवावे लागतात. माझ्या मते हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त जात असेल तर ते कॉलेज तुम्हाला परवडत नाही, नाव कितीही मोठं असो.

तारणाचंही आधीच बघा. साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला बँका सहसा तारण मागतात, मोठ्या नावाच्या संस्थांसाठी काही बँका सवलत देतात. मुंबईकरांची अडचण इथेच होते. पागडीच्या खोलीवर बँक कर्ज देत नाही, एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसनातल्या) घरावर हस्तांतराचे निर्बंध असतात, सोसायटीतला फ्लॅट आधीच गृहकर्जात असतो आणि गावच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर काका-चुलत्यांची रांग असते. भविष्य निर्वाह निधी मोडून फी भरायचा विचार असेल तर निवृत्तीला किती वर्षं उरलीत ते त्याच कागदावर लिहा.

केंद्राची पीएम-विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. ठरावीक दर्जेदार संस्थांमध्ये गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्यांना बिनतारण, बिनजामीन कर्ज, आणि घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात ३ टक्के व्याज सवलत, असं तिचं स्वरूप आहे. तुमची संस्था यादीत आहे का, हे पोर्टलवर तपासा. मॅनेजमेंट कोट्यातल्या प्रवेशाला ती चालत नाही. शिवाय कर्जाच्या व्याजावरची आयकर वजावट जुन्या कररचनेतच मिळते. नव्या रचनेत गेला असाल तर ती हिशेबात धरू नका.

५. 'नाव' म्हणजे काय विकत घेताय ते तपासा

जाहिरातीतला कोटीचा आकडा एका मुलाचा असतो. सरासरीही फसवी असते, कारण दोन-चार मोठ्या पॅकेजांनी ती वर जाते. बघायचा असतो तो मध्यक, म्हणजे निम्म्या मुलांना ज्याच्यापेक्षा जास्त मिळालं तो आकडा. आणि तो शोधायला कोणाच्या हातापाया पडावं लागत नाही. केंद्राच्या एनआयआरएफ क्रमवारीसाठी संस्थांनी भरलेली माहिती त्यांच्या संकेतस्थळावर असते: किती मुलं दाखल झाली, किती पास झाली, किती जणांना नोकरी लागली, पगाराचा मध्यक किती, उच्च शिक्षणाला किती गेली. तीन वर्षांचे आकडे ओळीने असतात. दोन्ही कॉलेजांची ती फाइल उतरवून शेजारी-शेजारी ठेवा. माझ्याकडे आलेल्या बऱ्याच घरांची चर्चा या दोन फायलींवरच संपलीय.

त्या आकड्यांत सगळ्या शाखा एकत्र असतात, एवढं ध्यानात ठेवा. शाखावार आकडे प्लेसमेंट सेलकडे मागा. देत नसतील तर तेही एक उत्तरच. एनआयआरएफच्या क्रमांकालाही डोळे झाकून मान देऊ नका. इंजिनिअरिंगच्या क्रमवारीत ३० टक्के भार संशोधनाला असतो. पीएचडीवाल्यांसाठी तो मोलाचा, तुमच्या मुलाच्या पहिल्या वर्षाच्या गणिताच्या तासाला त्याचा उपयोग थोडाच. क्रमांकापेक्षा त्या शाखेला एनबीएची (अभ्यासक्रमांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे का, ते बघा.

आयआयटी किंवा चांगल्या एनआयटीत मनासारखी शाखा मिळत असेल तर हा लेख इथेच बंद करा आणि बॅग भरा. घोळ होतो तो त्यांच्या खालच्या खासगी विद्यापीठांबाबत. बिट्सच्या पिलानी, गोवा, हैदराबादसारख्या ठिकाणी हवी ती शाखा मिळाली आणि हप्ता तिसऱ्या हिश्शात बसत असेल, तर माझं मत जाण्याच्या बाजूने. हजारोंनी प्रवेश देणाऱ्या एखाद्या विद्यापीठात, महागड्या फी-गटात, नको असलेल्या शाखेत आणि इकडे व्हीजेटीआय किंवा एसपीआयटीची सीट सोडून जायचं, याला माझा साफ नकार. व्हीजेटीआय १८८७ सालची आहे. नावच हवं तर ते माटुंग्यातही मिळतं. केमिकलवाल्यांसाठी तर १९३३ पासूनची आयसीटी त्याच माटुंग्यात, पाच मिनिटांवर आहे.

मुंबईतल्या कॉलेजबाबत एक गोष्ट जरूर विचारा: स्वायत्त आहे की परीक्षा विद्यापीठाच्या? २०१७ साली मुंबई विद्यापीठाचे निकाल उत्तरपत्रिकांच्या ऑनलाइन तपासणीत अडकले आणि कितीतरी मुलांचे पुढचे प्रवेश खोळंबले. स्वायत्त कॉलेजचे निकाल त्याच्या स्वतःच्या हातात असतात.

कॉमर्सबद्दल माझं मत ठाम आहे. सीए करायचं असेल तर मुंबई सोडू नका. सकाळची लेक्चरं, दिवसा आर्टिकलशिप (सीए फर्ममधली उमेदवारी), संध्याकाळी क्लास, ही घडी पोदार, वझे-केळकरच्या आसपास पिढ्यान्पिढ्या बसलेली आहे आणि कामं देणाऱ्या फर्म फोर्टपासून अंधेरीपर्यंत पसरल्यात. बाहेर लाखो भरून बी.कॉम. करण्यात मला काही अर्थ दिसत नाही. कायद्याचं गणित वेगळं. वरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांत मोठ्या लॉ फर्म थेट भरतीला येतात, तिथे फरकाचे पैसे वसूल होऊ शकतात. पण मुलाला कोर्टातच उभं राहायचं असेल तर चर्चगेटचं १८५५ सालचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज अगदी किरकोळ फीत मिळतं आणि हायकोर्ट चालत जाण्याच्या अंतरावर.

६. राज्याची हद्द ओलांडली की कुठल्या सवलती सुटतात

ही रक्कम बहुतेक जण हिशेबात धरतच नाहीत. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना कॅपमधून महाराष्ट्रातल्या कॉलेजात प्रवेश घेतलेल्यांसाठी आहे. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पूर्वी ती निम्मी होती. अशा घरातली मुलगी असेल तर वर धरलेला १६ लाखांचा फरक २० च्याही पुढे जातो. उत्पन्न याच मर्यादेत असेल तर शिकवणी फी माफीच्या टीएफडब्ल्यूएस जागांचा पर्यायही कॅपमध्ये वेगळा भरायचा असतो. तो राहून जाऊ देऊ नका. अनुसूचित जातीच्या मुलांची भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती राज्याबाहेरही मिळू शकते, मात्र तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाखांची आहे.

७. एकदा जाऊन बघा

दोन्ही ठिकाणी, आणि चालू सत्रात. प्रवेश कक्षातल्या लोकांशी बोलून फारसं हाती लागत नाही. मेसमध्ये जेवा आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा. कंपन्या मुलाखतीला बोलावताना किती सीजीपीए मागतात, इंटर्नशिप कोणी मिळवून दिली, आजारी पडलात तेव्हा कोण आलं, असं विचारा. मुलगा-मुलगी दोघांसाठीही रात्री कॅम्पसबाहेर कसं आहे ते बघा. रॅगिंगविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ मुलाच्या मोबाइलमध्ये भरून द्या.

८. कागदपत्रं

- दहावी आणि बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला
- अधिवास प्रमाणपत्र आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला (आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेवा केंद्रातून, जूनमध्ये गर्दी उसळते, एप्रिलमध्येच अर्ज टाका)
- जात प्रमाणपत्र, जात वैधता, नॉन-क्रीमी लेयर, लागू असेल ते
- राज्याबाहेर जाणाऱ्यांसाठी मायग्रेशन सर्टिफिकेट. मुंबई विभागीय मंडळाचं ऑफिस वाशीला आहे
- सीईटी, जेईई आणि बाहेरच्या परीक्षांचे निकाल, वाटपपत्रं
- कर्जासाठी: पालकांची आयकर विवरणपत्रं किंवा फॉर्म १६, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, कॉलेजचं प्रवेशपत्र आणि चारही वर्षांच्या फीचा तक्ता कॉलेजच्या लेटरहेडवर

प्रत्येकाच्या पाच-सहा साक्षांकित प्रती आणि फोनमध्ये स्वच्छ स्कॅन. मूळ कागदांच्या बाबतीत सावध राहा. यूजीसीच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार संस्थेने मूळ प्रमाणपत्रं पडताळून लगेच परत द्यायची असतात. 'प्रवेश पक्का होईपर्यंत आमच्याकडे राहू द्या' म्हणाले तर ही अधिसूचना त्यांच्यापुढे ठेवा. मूळ दाखले अडकले की दुसरीकडची सीटही अडकते.

९. एक सीट सोडताना

आधी दुसरी सीट पक्की करा, तिची पावती हातात घ्या, मग पहिली रद्द करा. रद्द करण्याचा अर्ज संस्थेच्या पोर्टलवर आणि मेलवर, दोन्हीकडे द्या आणि स्क्रीनशॉट ठेवा. यूजीसी दरवर्षी फी परताव्याच्या तारखा जाहीर करते. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त हजार रुपये कापून बाकी परत, असा नियम होता. तुमच्या वर्षाच्या तारखा त्यांच्या संकेतस्थळावर बघा. अर्जाची आणि समुपदेशनाची फी सहसा परत येत नाही, ती गेली असं धरूनच चाला.

कर्जाचा पहिला हप्ता बँकेने थेट विद्यापीठाला दिला असेल तर परतावा कोणाच्या खात्यात येणार ते रद्द करण्याआधी बँकेला लेखी विचारा, नाहीतर पैसे परत येऊनही व्याज चालू राहतं. परतावा लांबवला जात असेल तर विद्यापीठाच्या कुलसचिवांना तारखांसह मेल करा, दोन आठवडे थांबा, आणि त्यानंतर यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर त्याच मेलची प्रत जोडून तक्रार टाका.